ओपीडीत पोराला बोलू द्या

माझ्या भाच्याला 17 व्या वर्षी मानेत गाठ आली, हॉजकिन लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. दर पंधरा दिवसाला परभणीहून जायचं, केमो घ्यायची अन् परत. सहा महिने मी सोबत होतो, त्यात काय चुकलं अन् काय जमलं ते लिहायलोय.

घरात पहिलं भांडण हेच की पोराला सांगायचं का नाही. आज्जी म्हणे रक्त कमी झालंय म्हणा. पण त्यानं फाईलवरचं नाव रांगेतच मोबाईलवर सर्च केलं होतं, अन् आम्ही आठ दिवस त्याच्यासमोर नाटक करत बसलो. म्हणून सांगतो, लपवू नका, आजाराचं नाव डॉक्टरलाच सांगू द्या, तुम्ही नुसतं बाजूला बसा. लेकरू सहा-सात वर्षांचं असेल तर एवढंच सांगा की औषधानं केस जातील पण परत येतात, हे तुझ्या चुकीनं झालेलं नाही अन् तुझ्यासोबत खेळल्यानं कुणाला होत नाही.

आता ओपीडी. डॉक्टर विचारणार "काय त्रास?" अन् मी लगेच "बरंय साहेब", पोरगं खाली बघत बसलेलं. पाचव्या डोसच्या सुमारास कोरडा खोकला सुरू झाला, आम्ही म्हणलो धुळीचा असंल. मी परत "बरंय" म्हणलो तर हा म्हणतो, "मामा, जिना चढताना दम लागतो ते कामून सांगत नाही तुम्ही?" डॉक्टरांचा पेन तिथंच थांबला. त्या केमोतलं ब्लिओमायसिन नावाचं औषध फुफ्फुसाला त्रास देऊ शकतं, त्यांनी तपासण्या लावल्या अन् पुढं ते औषधच बंद केलं. तवापासून शंभर पानी वही केली, त्रास त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा, तारखेसकट, अन् आत गेल्यावर त्यानंच वाचायचं.

वहीत डॉक्टरसाठी एक प्रश्न कायम ठेवा: घरी गेल्यावर काय दिसलं तर घाबरायचं नाही, अन् काय झालं तर रात्री दोनला पण निघायचं? आम्ही हे विचारलं नव्हतं. पहिल्या केमोच्या संध्याकाळी पोरगं बाथरूममधून पांढरंफटक होऊन आलं, मामा लघवीतून रक्त चाललंय. रक्त नव्हतं, सकाळी चढवलेल्या लाल औषधाचा रंग होता.

निघायचं ते तापासाठी. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून 100.4 च्या वर ताप गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसू नका, लगेच फोन करा. तालुक्याच्या दवाखान्यात जावं लागलं तर पहिलं वाक्य "केमो चालूय, शेवटची अमुक तारखेला झाली" हे, बाकी सगळं नंतर. रात्री कोणता नंबर लागतो ते डिस्चार्जच्या आधीच सिस्टरकडून लिहून घ्या. सिस्टरला डॉक्टरपेक्षा जास्त वेळ असतो असं नाही, पण नीट विचारलं की सांगतात.

कुणी काढा, पुडी दिली असंल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू द्या, लिव्हरवर गेलं तर तेच निस्तरणार आहेत. पैशाचं डॉक्टरला विचारून वेळ घालू नका, जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड अन् आधार घेऊन त्याच्याकडं जा. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला नाहीतर मुंबईच्या टाटाला न्यायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) काचेच्या स्लाईड अन् मेणात ठेवलेला तुकडा, त्याला ब्लॉक म्हणतात, तोही मागून घ्या.

पाहुण्यांसाठी घरातला एकच माणूस ठरवा, व्हॉट्सॲपवर तोच सांगणार. नाहीतर दिवसभर "आमच्या गावात एकाला असाच होता, गेला बिचारा" हे पोराच्या उशाशी बसून चालतं.

अन् एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. वयात आलेल्या पोरापोरींना पाच मिनिटं डॉक्टरसोबत एकटं सोडा. पुढं लेकरं होतील का हे पोरगं मामासमोर सात जन्मात विचारणार नाही, अन् काही केमोंचा त्यावर परिणाम होतो, वीर्य साठवून ठेवायचं तर ते पहिल्या डोसच्या आधी करावं लागतं. पोरींनाही हे पहिल्या डोसच्या आधीच विचारू द्या, लेडी डॉक्टर असल्या तर बरं. आमचा भाचा शेवटी शेवटी नंबर पुकारला की वही उचलायचा अन् म्हणायचा, "मामा, तुम्ही चहा घेऊन या."