एक्स्पांडर घेऊन घरी येण्याआधी

कॅन्सरमुळे स्तन काढून तो पुन्हा घडवायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातले सगळे हॉस्पिटलच्या बॅगेच्या मागे लागतात. माझीही बॅग अशीच भरली गेली: चार गाऊन, थर्मास, दोन टॉवेल, आईने गुपचूप घातलेला अंगारा. त्यातलं निम्मं सामान बाहेरसुद्धा निघालं नाही. हॉस्पिटलात मी तीन दिवस होते आणि अंगात एक्स्पांडर घेऊन घरी साडेसहा महिने. म्हणून ही तयारी घराची आहे.

आधी घरच्यांना एकदा बसवून सगळं सांगा, म्हणजे नंतर रोज सांगावं लागत नाही. स्तन काढल्यावर त्या जागी, छातीच्या स्नायूखाली किंवा स्नायूच्या वर, सर्जन एक सिलिकॉनची पिशवी ठेवतात, तोच एक्स्पांडर. जखम भरत आली की साधारण दोन-तीन आठवड्यांनी त्या पिशवीच्या पोर्टमध्ये, म्हणजे सुई टोचायच्या जागेत, सुईने सलाईन भरायला सुरुवात होते. आठवड्या-पंधरवड्याने एकदा, एका वेळी बहुतेकदा ५० ते १०० एमएल. कातडी पुरेशी ताणली गेली की काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, त्यात ही पिशवी काढून कायमचा इम्प्लांट बसवतात. मधे केमो किंवा रेडिएशन असेल तर वेळापत्रक बदलतं, आणि रेडिएशन होणार असेल तर त्याचा कातडीवर आणि इम्प्लांटवर काय परिणाम होईल हे सर्जनना आधीच विचारा. सासूबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे फुगा?" हो, फुगाच.

आता स्वयंपाकघरात जा. ओट्यापाशी उभ्या राहा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा आणि हात कुठवर पोचतात ते बघा. पहिले काही आठवडे तुमचं घर तेवढंच. चहा-साखरेचे डबे, रोजची पातेली, औषधं, फोनचा चार्जर, देवाची काडेपेटी, सगळं त्या टप्प्यात आणून ठेवा. डब्यांची झाकणं सैल करून ठेवा. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडताना छातीचा स्नायू किती ताणला जातो हे मला तोवर माहीत नव्हतं. कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं हे तर सरळ सरळ त्याच स्नायूचं काम. तेव्हा पोळी-भाजी केंद्राशी महिन्याभराचं आधीच बोलून ठेवा आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलू देत नाहीत. तुमचा आकडा त्यांच्याकडूनच घ्या. म्हणजे भरलेला कुकर नाही, पाण्याची बादली नाही, नातवंडं नाहीत. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, ते भरायचं काम मुलाकडे गेलं. त्याने दोन दिवस कुरकुर केली आणि मग मोरीत नळाला पाइप जोडून टाकला, जे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. गॅसचा जादा सिलेंडर आणून ठेवा. भरलेल्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो नुसता गॅसच असतो, तो सरकवायचा मोह आवरा.

झोपायची सोय मात्र फार विचार करून करा. खाली गादी घालून झोपायची सवय असेल तर तेवढे आठवडे ती सोडावी लागते, कारण हाताचा रेटा न देता जमिनीवरून उठता येत नाही. पाठीवरच झोपायचं, तेही डोकं-खांदे उंचावर ठेवून. तीन उशा रात्रीतून घसरतात. सर्जिकल सामानाच्या दुकानात बॅकरेस्ट भाड्याने मिळतो, तो आणा, आणि दोन्ही कोपरांखाली एकेक छोटी उशी. ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून हात छातीवर घडी घालून, फक्त पायांच्या जोरावर पलंगावरून उठायची तालीम करा. आपल्याला वाटतं आपण पायांनी उठतो. कसलं काय, हातांनीच उठतो. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्चीही भाड्याने आणा, आणि इसबगोल आणायला विसरू नका. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट हमखास धरतं.

कपड्यांचं सोपं आहे: पुढून पूर्ण उघडणारे, ढगळ, सुती. नवऱ्याचे जुने शर्ट सगळ्यात उत्तम. डोक्यावरून घालायचं काहीही नको. आपल्या ब्लाउजला हुक पुढे असतात खरे, पण बाह्या इतक्या तंग असतात की त्यांचा विचार सोडून द्या. पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर दुप्पट शर्ट लागतील, वाळत नाहीत.

ड्रेनचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जखमेत साठणारा स्राव बाहेर काढायला बारीक नळ्या घालतात आणि टोकाला दाबून ठेवलेला फुगा किंवा डबी असते. हे घेऊनच घरी यायचं असतं, एक ते तीन आठवड्यांसाठी. जुन्या परकराच्या कापडाची दोन खिशांची पिशवी आधीच शिवून ठेवा. कमरेला बांधायला नाडी, आणि अंग पुसताना गळ्यात अडकवायला आणखी एक. नळी लोंबकळली की टाक्याला ओढ बसते आणि ब्रह्मांड आठवतं. फुगा रिकामा केल्यावर दाबून, हवा काढूनच बंद करायचा. हवा राहिली तर तो ओढत नाही. नळीत गुठळी अडकली तर कातडीजवळ एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालपर्यंत निपटत आणायचं; हे घरी यायच्या आधी नर्सकडून शिकून घ्या, आणि ज्याला करायचं आहे त्याला शिकवा. आमच्याकडे हे काम नवऱ्याकडे होतं. सकाळ-संध्याकाळ सात वाजता, हात धुऊन, मापाचा ग्लास खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या रेषेत धरून तो "उजवा, बेचाळीस" असं क्रिकेटच्या स्कोअरसारखं जाहीर करायचा आणि वहीत लिहायचा. तारीख, वेळ, बाजू, एमएल, रंग. आधी लाल, मग कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा, मग फिका पिवळा. चोवीस तासांत साधारण ३० एमएलच्या खाली सलग दोन दिवस आलं की बहुधा ड्रेन काढतात. निर्णय सर्जनचा, पण तो या वहीवरून होतो. तोवर आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसणं. मुंबईच्या घामात हे सगळ्यात जड गेलं.

पातळ होत चाललेला स्राव एकदम लालभडक झाला, एक बाजू अचानक सुजली, लाली पसरत चालली, कातडी काळपट पडली, पू किंवा वास आला, ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळपर्यंत थांबू नका. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून फ्रिजवर चिकटवा. आणि गरम पाण्याची पिशवी माळ्यावर टाका. छातीची कातडी बधिर असते, भाजलेलं कळतच नाही.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला बीपीचा पट्टा आणि सुई टाळायची का, हे विचारून घ्या आणि रक्त घ्यायला येणाऱ्याला स्वतःच सांगा.

मशेरी लावत असाल तर ती आजच बंद करा, तपकीरही. सिगारेट ओढत नाही म्हणून आपण सुटलो असं बायकांना वाटतं, पण तंबाखू ती तंबाखू. निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ताणायची आहे ती नेमकी हीच कातडी. निदान चार आठवडे आधी, आणि नंतरही. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. आंबट खाल्लं की जखम पिकते म्हणून आत्याने माझं दही बंद केलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दही खा, डाळ खा, अंडी, मासे, जे प्रोटीन चालतं ते सगळं खा.

सलाईन भरायच्या दिवशी प्रवास लागतो. पहिले आठवडे रिक्षा नको; रस्त्यातला प्रत्येक खड्डा छातीत मोजला जातो. टॅक्सीत पट्ट्याखाली छोटी उशी ठेवा. पुढे लोकलने जायचं झालं तर दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांनाही जाता येतं, फक्त हॉस्पिटलचा दाखला जवळ ठेवा. बाहेरगावहून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्यांनी फेऱ्यांचा हिशोब आधी मांडावा. नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे राहायच्या सोयीची आधीच चौकशी केलेली बरी. भरल्यावर एक-दोन दिवस दोन मापं लहान ब्लाउज घातल्यासारखं आवळतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका. फारच ताण वाटला तर तिथेच सांगा. कमी भरता येतं, फेरी पुढे ढकलता येते. मी पहिल्यांदा शूरपणा केला आणि रात्रभर खुर्चीत बसून काढली. आकार कडक, उंच, कधी वेडावाकडाही दिसतो. तो शेवटचा आकार नव्हे, हे नवऱ्यालाही सांगून ठेवा.

कागदांची एक वेगळी फाइल करा. एक्स्पांडरचं कार्ड मागून घ्या. बऱ्याच एक्स्पांडरच्या पोर्टमध्ये लोहचुंबक असतं, त्यामुळे एमआरआयची चिठ्ठी कोणीही दिली तरी आधी हे कार्ड दाखवा. मेडिक्लेमवाल्यांनी मला फोनवर गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, हे कॉस्मेटिकमध्ये येतं." पॉलिसीतली Excl08 म्हणून छापलेली अट, म्हणजे एक्स्क्लुजन क्रमांक ८, काढून वाचा: कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्यातून सोडलेली आहे. ते वाक्य मी ईमेलमध्ये जसंच्या तसं पाठवलं, मग आवाज बदलला. दोन्ही ऑपरेशनांची मंजुरी लेखी मागा.

व्यायामाचा कागद मिळेल. भिंतीवर बोटांनी चालत वर जायचं तो व्यायाम सर्जननी हो म्हटल्यावरच सुरू करा, आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करत जा. वरच्या फळीवरचा रव्याचा डबा मी स्वतः काढला तो नवव्या आठवड्यात, तेही स्टुलावर चढून आणि नवऱ्याची बोलणी खाऊन.