कुपालाची रात्र नीट साजरी करायची असेल तर

कुपालाची रात्र म्हणजे पोलंड-रशियाकडच्या स्लाव्ह लोकांचा ऐन उन्हाळ्यातला सण. आधी तारीख बघा, इथेच गोंधळ होतो. पोलंडमधे ही रात्र 23 जूनची, बेलारूस आणि रशियात 6 जुलैची, कारण तिकडचं चर्च अजून ज्युलियन कॅलेंडरवर चालतं आणि ते 13 दिवस मागे आहे. युक्रेनमधे 2023 ला चर्चने कॅलेंडर बदललं, त्यामुळे तिथे नीट विचारून घ्या.

जागा नदीकाठचीच पाहिजे, कारण आग आणि पाणी दोन्ही लागतं.

आता मेन काम म्हणजे फुलांचं कडं, पोलिशमधे व्यानेक. विलोची ओली फांदी वाकवून गोल करा, त्यावर कॅमोमाइल, कॉर्नफ्लॉवर वगैरे सुती दोऱ्याने बांधत जा, तार किंवा प्लास्टिक अजिबात नको कारण हे सगळं शेवटी नदीत जाणार आहे. पॉपी दिसायला भारी पण तासाभरात पाकळ्या गळतात, मी तरी घेत नाही. बिलित्सा मात्र हवीच, ही आपल्या ज्योतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली, वासावरून लगेच कळेल. पूर्वी मुली ती कमरेला गुंडाळून आगीभोवती नाचायच्या, भुताखेतांपासून राखण म्हणून. अंधार पडला की कड्यात मेणबत्ती लावून हळूच पाण्यात सोडायचं. लांब तरंगत गेलं तर लग्न जवळ आलं, बुडलं तर काही खरं नाही. पोरं पाण्यात उतरून आवडत्या मुलीचं कडं पकडायला बघतात ते वेगळंच. क्राकोवमधे वावेल किल्ल्याखाली विस्तुला नदीवर याचा मोठा सोहळाच होतो.

मग आगीवरून उडी. ज्वाळा खाली बसू द्या, आधी हिरोगिरी नको, आणि कपडे सुती घाला, नायलॉन पेटलं की अंगाला चिकटतं. जोडीने हात धरून उडी मारायची, हात सुटले नाहीत तर जोडी टिकते म्हणतात. 1505 मधे रशियातल्या प्स्कोव्हकडच्या पाम्फिल नावाच्या मठाधिपतीने या रात्रीच्या ढोल-नाचाबद्दल चिडून पत्र लिहिलं होतं, लोकांनी ऐकलं नाही हे उघडच आहे.

मध्यरात्री नेच्याचं फूल शोधायला जंगलात जायचं, सापडलं तर पुरलेलं धन दिसतं म्हणे. नेच्याला फूल येतच नाही, ते बीजाणूंवर वाढतं, आणि हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जोड्या जातात आणि पहाटे रिकाम्या हाताने हसत परत येतात, कोणी काही विचारत नाही. फक्त फुल पँट घाला, तिकडे गोचिडी फार.