कॉम्प्युटर मधेच बंद पडतो? आधी ड्रायव्हर तपासा

लगेच विंडोज नव्याने टाकायला घेऊ नका. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे एखादं उपकरण विंडोजकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा असू शकतो. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. बिघाड दाखवणाऱ्या लाल फुल्या कोणत्या तारखेपासून दिसतात आणि त्याच सुमारास काय अपडेट झालं, ते जुळवून पाहा. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, त्यातला ‘कर्नल-पॉवर ४१’ पाहून घाबरू नका. मशीन नीट बंद झालं नाही एवढंच तो सांगतो, कारण नाही.

निळा स्क्रीन येत असेल तर विंडोजच्या मिनिडंप फोल्डरमधली, बिघाडाची नोंद असलेली फाइल ब्लूस्क्रीनव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ (nvlddmkm) दिसलं, तर संशय एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर. मात्र ‘एनटीओएसकेआरएनएल’ (ntoskrnl) हा विंडोजचा गाभा. त्याचं नाव बहुतेकदा उगाच पुढे येतं.

आता रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येईल. लॅपटॉपचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअरं टाळाच. एका वेळी एकच ड्रायव्हर बदला आणि दोन-तीन दिवस वापरून बघा, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून आधीचा ड्रायव्हर परत आणा.

दर वेळी वेगळ्याच फाइलचं नाव येतंय? मग ड्रायव्हर सोडा, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा.