खिडकीतलं ऊन आणि फर्निचरचा उडणारा रंग

फर्निचर काचेआड आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज आधी सोडा. सूर्याच्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांपैकी कातडी भाजवणारे यूव्ही-बी किरण साधी काच बहुतांशी अडवते, पण ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. शिवाय डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग उडवतो. त्यामुळे नुसतं यूव्ही अडवून भागत नाही. सोफ्यावर, टेबलावर थेट ऊन पडणंच थांबवावं लागतं.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी कवडसा मोजा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता जमिनीवर आणि फर्निचरवर ऊन कुठपर्यंत पोचतं, तिथे मास्किंग टेप लावून ठेवा. ही मोजणी वर्षातून दोनदा हवी, कारण उन्हाची दिशा बदलते. डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीचा माथा जमिनीपासून ७ फुटांवर असेल, तर ऊन ६ फुटांहून जास्त आत येतं; वर दीड फुटाचा छज्जा असला तरी पावणेपाच फूट येतंच. तीच खिडकी मे महिन्यात निर्धास्त असते, कारण तेव्हा दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.

खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. संध्याकाळी सूर्य २० अंशांवर उतरला की त्याच ७ फुटांच्या माथ्याखालून ऊन १९ फूट आत जातं, म्हणजे बहुतेक फ्लॅटचा अख्खा हॉल. इथे छज्जा कामाचा नाही, तिरपं ऊन त्याच्या खालून शिरतं. सोफा, टीव्हीचं युनिट, देवघर यांची जागा पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल, तर ती बदलता येते का ते आधी पाहा. हा उपाय फुकटचा आहे आणि सगळ्यात चांगला आहे.

जागा बदलता येत नसेल, तर ऊन काचेच्या बाहेरच अडवा. बाल्कनीत बांबूची चिक किंवा ७५ टक्के ऊन अडवणारं शेडनेट लावलं तर प्रकाश आणि उष्णता दोन्ही आत येण्याआधीच कमी होतात. आतला पडदा प्रकाश अडवतो, पण उष्णता तोवर खोलीत आलेली असते. पडदाच लावायचा असेल तर त्याला ब्लॅकआउट अस्तर लावून घ्या, रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना ६ इंच जास्त ठेवा आणि कापड खिडकीच्या रुंदीच्या दीड ते दोनपट घ्या. कडेच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी रोज त्याच जागी पडते, आणि तेवढ्याच पट्टीचा रंग उडतो. रेशमी पडदा अस्तराशिवाय पश्चिमेला लावू नका. रेशीम उन्हाने कुजून फाटतं.

काचेवर चिकटवायची यूव्ही फिल्म घेताना ती किती काळी आहे यावर जाऊ नका. गडद फिल्म यूव्ही अडवतेच असं नाही, आणि जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली फिल्म ९९ टक्के यूव्ही अडवू शकते. दुकानदाराकडे लेखी तपशील मागा: यूव्ही किती अडते, दिसणारा प्रकाश किती आत येतो आणि उष्णता किती अडते. दोन काचांची खिडकी किंवा आत तारेची जाळी असलेली काच असेल, तर उष्णता शोषणारी गडद फिल्म टाळा. काच एकीकडे जास्त तापते आणि तडकू शकते. आरशासारखी चमकणारी फिल्म लावण्याआधी सोसायटीला विचारा.

फिल्म काचेच्या आतल्या बाजूने लावतात. सरकत्या खिडकीचं तावदान काढून आडवं ठेवलं की काम सोपं होतं. काच साबणाच्या पाण्याने धुवा, रंगाचे थेंब ब्लेडने खरवडा. धुळीचा एक कणही फुगा धरतो. फिल्म काचेपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी कापा. एका कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सेलोटेपचे तुकडे चिकटवून ओढले की मागचा कागद सुटतो. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून काच आणि फिल्मची चिकट बाजू, दोन्ही भरपूर ओल्या करा. कोरड्या काचेवर फिल्म जिथे टेकेल तिथेच चिकटते, मग सरकवता येत नाही. रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. जास्तीची फिल्म कापताना फ्रेमपासून १ ते २ मिलिमीटर फट ठेवा. त्यानंतर महिनाभर काच धुऊ नका. सुरुवातीचा धूसरपणा आणि पाण्याचे बारीक फुगे हळूहळू जातात. पावसाळ्यात जास्त दिवस लागतात.

लाकूड सारखं बदलत नाही. अक्रोडाचं लाकूड फिकट पडतं, पाइन पिवळं-तपकिरी होत जातं. सागवान नवं असताना ठिपकेदार, असमान रंगाचं दिसतं आणि उजेडात हळूहळू एकसारखं सोनेरी-तपकिरी होतं. म्हणून नव्या सागवानी टेबलावर पहिले दोन-तीन महिने टेबलक्लॉथ, ट्रे, फुलदाणी एकाच जागी ठेवू नका. खाली वेगळ्या रंगाचा चौकोन किंवा गोल उरतो. उरलाच तर वस्तू हलवून ती जागा काही आठवडे खिडकीच्या मंद उजेडात उघडी ठेवा, फरक बराच कमी होतो. पारदर्शक पॉलिशमधून उजेड आरपार जातो, त्यामुळे मेलामाइनच्या चकाकीने रंग वाचत नाही. खोबरेल तेलानेही वाचत नाही; ते चिकट राहतं आणि धूळ धरतं.

सोफ्याचं कापड घेताना प्रकाशात रंग टिकण्याची श्रेणी विचारा. ती १ ते ८ असते. खिडकीजवळच्या सोफ्यासाठी ५ किंवा वरची घ्या. शंका असेल तर कापडाच्या तुकड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून चार आठवडे त्याच खिडकीत ठेवा. उशा आणि गाद्या महिन्याला उलटपालट करा. रेक्झिन उन्हात कडक होऊन चिरतं, आणि एकदा चिरलं की दुरुस्त होत नाही.

रंग उडालेलं टेबल घासून पुन्हा पॉलिश करायचं असेल, तर ते भरीव लाकूड आहे की विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, ते कडेवरून आधी पाहा. कडेला वरची रेष कापल्यासारखी संपली तर विनियर आहे. तो थर बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर मशीन लावलं तर काही क्षणांत खालचा प्लाय दिसतो, म्हणून हाताने, १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेनेच घासा. सनमायका घासूच नका. उडालेला रंग परत आणायला तो शीटच बदलावा लागतो.