गाडीची चावी आणि रिमोट: या चुका टाळा

म्हापशाच्या बाजारात जाऊन गाडीची डुप्लिकेट चावी काढून आणायची, ती दाराला लागली की खूश व्हायचं, आणि इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडलं की चावीवाल्याच्या नावाने बोटं मोडायची, हा प्रकार अजून चालतो. चावीवाल्याने आपलं काम बहुतेक वेळा चोख केलेलं असतं. चावी म्हणजे एकच वस्तू, असं आपण धरून चालतो, तिथे घोळ होतो.

आजच्या चावीत निदान तीन गोष्टी एकत्र नांदतात. एक, धातूचं पातं, जे कुलूप फिरवतं. दोन, चावीच्या डोक्यात बसवलेली बारीकशी चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर जुळला नाही तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू देत नाही. हाच इमोबिलायझर. मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. तीन, दारं उघडणारा रिमोट. त्याला मात्र सेल हवा. या तिन्हींपैकी काय बिघडलं हे आधी ठरवा, मग खिशात हात घाला.

ते ठरवायला मिस्त्री लागत नाही. बटण दाबून दार उघडत नाही, पण चावी फिरवल्यावर गाडी नेहमीसारखी सुरू होते? मग रिमोटचं किंवा सेलचं दुखणं. दार उघडतं, स्टार्टर फिरतो, इंजिन उचल घेऊन लगेच मरतं आणि मीटरमध्ये चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतं? मग चिप. असं असताना पेट्रोल पंप, प्लग, बॅटरी बदलून घेणारे लोक आहेत आणि बदलून देणारेही आहेत. दुसरी चावी घरी असेल तर आधी ती लावून पाहा. तिने गाडी चालली तर गाडीत काही खोट नाही, पहिल्या चावीत आहे.

सेलच्या चुका

बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा बटण-सेल असतो. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. पुढचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ आणि सीआर २०१६ ची रुंदी तेवढीच, पण जाडी २.५ आणि १.६. तिघेही ३ व्होल्टचे. त्यामुळे दुकानदार ‘चालेल हो’ म्हणतो आणि पातळ सेल आत बसतोही. मग कधी टेकतो, कधी सुटतो, आणि रिमोट मनात येईल तेव्हा चालतो. जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा आणा. काही सेलना मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप लावलेला असतो; त्याने काही रिमोटमध्ये संपर्क नीट होत नाही. नवा सेल घालूनही रिमोट मेलेलाच असेल तर बिनलेपाचा सेल घालून पाहा, मगच रिमोटला दोष द्या.

काढलेला सेल टीपॉयवर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या.

पुश बटणाच्या गाड्यांत सेल संपला की माणूस घाबरतो, कारण चावी घालायला जागाच दिसत नाही. जागा असते. रिमोटच्या कडेला एक छोटी कळ असते, ती सरकवली की आतून पातं निघतं. दाराच्या मुठीपाशी, बहुतेकदा प्लास्टिकच्या टोपीखाली, त्याचं कुलूप असतं. आत बसल्यावर ब्रेक (गिअरच्या गाडीत क्लच) दाबून रिमोटच थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा. चिपला सेल लागत नसल्यामुळे गाडी सुरू होते. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा कन्सोलमध्ये असते, ती मॅन्युअलमध्ये शोधा. टोइंगची गाडी बोलावण्याआधी एवढं करा.

केस बदलताना

आपल्याकडच्या दमटपणाने आणि खिशातल्या घामाने रिमोटची रबरी बटणं फाटतात. लोक ऑनलाइन नवी केस मागवतात, सर्किट जुन्यातून काढून नव्यात घालतात आणि जुनी केस कचऱ्यात टाकतात. दारं उघडतात, गाडी मात्र सुरू होत नाही. बऱ्याच चाव्यांत चिप सर्किटवर नसतेच. ती केसच्या प्लास्टिकमध्ये वेगळी खोचलेली असते, काळ्या खड्यासारखी. नव्या केसने गाडी सुरू झाल्याशिवाय जुनी फेकू नका.

फेरीबोटीत

पुश बटणाची गाडी एकदा सुरू झाली की चावी दूर गेली तरी बंद पडत नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद होऊ नये म्हणून ती तशीच बनवली आहे. ती फक्त टीं-टीं करते आणि एक संदेश दाखवते. गाणी लावलेली असली की तो ऐकू येत नाही. समजा चावी बायकोच्या पर्समध्ये आहे, तिला पणजीत कदंबा बस स्टँडवर उतरवलं आणि तुम्ही तसेच चोडणला निघालात. रायबंदरला गाडी फेरीत चढवली, इंजिन बंद केलं. पलीकडे फळी खाली पडली, मागचे हॉर्न सुरू झाले, आणि गाडी ढिम्म. उतरणाऱ्याला ‘चावी खंय आसा?’ असं विचारायची सवय लावून घ्या. चावी चालवणाऱ्याच्याच खिशात असणं उत्तम.

समुद्रावर

केरीला, मोरजीला, कोलव्याला पोहायला जाणारे चावी चाकावर ठेवून जातात. जुन्या चावीला हे एकवेळ चाललं असतं. पुश बटणाच्या गाडीची स्मार्ट चावी दारापासून साधारण हातभर अंतरात असली की मुठीवरचं बटण दाबणाऱ्या कुणालाही दार उघडून मिळतं. चोराला चावी शोधावीही लागत नाही.

खिशात घेऊन पाण्यात जाणं त्याहून वाईट. खारं पाणी आणि आतला सेल मिळून सर्किटची तांब्याची रेघ खाऊन टाकतात. भिजलीच तर बटणं दाबून तपासू नका. आधी सेल काढा, सर्किट स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा, फुंकून पुसून सावलीत पूर्ण वाळू द्या, मग नवा सेल घाला. धुवायचं म्हटल्यावर लोक दचकतात, पण मीठ आत वाळलं तर रिमोट जातोच. तांदळाच्या डब्यात पुरून मीठ निघत नाही. खरा उपाय सोपा आहे: एकाने काठावर बसायचं, चाव्या त्याच्याकडे.

शेवटची चावी

सगळ्यात महाग पडते ती ही. दोनपैकी एक चावी हरवते आणि माणूस ‘एक आहे ना’ म्हणत वर्षभर फिरतो. एक चालू चावी हातात असताना दुसरी करून घेणं हे तुलनेने किरकोळ काम. दोन्ही गेल्या की गाडी ओढून न्यावी लागते, मालकीची कागदपत्रं दाखवून कंपनीकडून कोड मागवावा लागतो, आणि काही मॉडेलना इमोबिलायझरचा डबा किंवा कुलपांचा अख्खा संच बदलावा लागतो. चतुर्थीच्या तोंडावर हे झालं तर गावची वाट कदंबाने.

नवी चावी गाडीला ओळखायला शिकवायला नेताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. बऱ्याच गाड्यांत ओळखीच्या चाव्यांची जुनी यादी पुसून पुन्हा लिहिली जाते. जी चावी हजर नसते ती बाद होते. याचा फायदाही आहे. चावी चोरीला गेली असेल तर ती अशीच बाद करून घ्या. मात्र तिचं पातं दाराचं कुलूप उघडतच राहील, हे ध्यानात असू द्या.

ऑनलाइन मिळणारे वापरलेले रिमोट स्वस्त दिसतात. अनेक स्मार्ट चाव्या पहिल्या गाडीला एकदा जोडल्या की कायमच्या तिच्याच होतात, दुसरी गाडी त्यांना ओळखत नाही. परदेशातून आणवत असाल तर फ्रिक्वेन्सी पाहा. आपल्याकडे साधारण ४३३ मेगाहर्ट्झ चालतं, अमेरिकेतल्या गाड्यांत बहुधा ३१५. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ दिसतात. नंबर मागच्या बाजूला किंवा सर्किटवर छापलेला असतो.

जुनी गाडी घेताना

बाकी सगळं तपासतात, दुसरी चावी मागायला विसरतात. दोन्ही चाव्या मागा, दोन्हींनी इंजिन सुरू करून पाहा आणि चाव्यांसोबत मिळालेला कोडचा बिल्ला आहे का ते विचारा. तो बिल्ला गाडीत ठेवू नका. भाड्याने फिरलेली गाडी असेल तर तिच्या चाव्या किती हातांतून गेल्या याचा हिशेब नसतो, म्हणून स्कॅनर लावून किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते पाहून घ्या आणि उरलेल्या पुसायला सांगा.

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच देऊ शकलात तर प्रश्न सुरू होतात. म्हणून चावी हरवली की त्याच आठवड्यात पोलिसांत नोंद करून तिची प्रत जपून ठेवा. चावी बदलण्याचं वेगळं संरक्षण पॉलिसीत जोडून मिळतं. ते घेतलेलं असेल तर दाव्यालाही हीच प्रत लागते.