वॉल्व्ह बदलण्याआधी जोखमीचा हिशेब कसा मांडावा

हृदयाच्या वॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं की घरचे विचारतात, "पुढं किती वर्षं?" आणि उत्तर म्हणून बऱ्याचदा युरोस्कोर-2 या धोका मोजणाऱ्या कॅल्क्युलेटरचा आकडा सांगितला जातो. पण तो आकडा या प्रश्नाचं उत्तर नाही. युरोस्कोर-2 सांगतो फक्त रुग्णालयातल्या मृत्यूचा धोका. अमेरिकेतला अशाच प्रकारचा एसटीएस स्कोर 30 दिवसांपर्यंतचा, आणि रुग्ण तोवर घरी गेला नसेल तर त्याच भरतीतला. पाच वर्षांनंतरचं या दोघांतही काही नाही. म्हणून हिशेब तीनदा मांडायचा: ऑपरेशन पार पडण्याचा, पहिल्या वर्षाचा आणि त्यापुढचा.

ऑपरेशनचा धोका

फाइल, ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी), औषधांच्या चिठ्ठ्या आणि वजनकाटा समोर ठेवूनच कॅल्क्युलेटर उघडा. सगळ्यात जास्त चूक होते ती किडनीच्या रकान्यात. रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 1.1 दिसलं की "नॉर्मल" म्हणून लोक पुढं जातात. पण युरोस्कोरला क्लिअरन्स लागतो, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते तो आकडा. 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागा आणि स्त्री असेल तर 0.85 ने गुणा.

72 वर्षांच्या, 48 किलो वजनाच्या आजी धरा. 68 गुणिले 48 म्हणजे 3264. त्याला 79.2 ने (72 गुणिले 1.1) भागलं की 41.2, आणि 0.85 ने गुणल्यावर 35. म्हणजे 50 च्या खालचा, धोक्याचा गट. त्यांचा फक्त एओर्टिक वॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारा) बदलायचा आहे, थोडं चाललं तरी धाप लागते (त्रासाच्या चार पायऱ्यांच्या एनवायएचए मापावर 3), हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, बाकी काही नाही. स्कोर येतो साधारण 2.7 टक्के. किडनी "नॉर्मल" धरली असती तर 1.2 आला असता. एका रकान्याने धोका निम्म्याहून कमी दाखवला.

वजन जुन्या कागदावरून उचलू नका. पायाला सूज असेल तर पाण्याचं वजन मोजलं जातं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते; सूज उतरल्यावर परत मोजा. कॅल्क्युलेटर क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मागत असेल तर मिलिग्रॅमच्या आकड्याला 88.4 ने गुणा.

बाकीचे रकानेही फसवे आहेत. मधुमेह फक्त इन्सुलिन चालू असेल तरच धरायचा, गोळ्यांवरचा नाही. फुप्फुसाचा आजार म्हणजे त्यासाठी श्वासाचा पंप किंवा स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असणं, जुना खोकला नव्हे. "चालणं-फिरणं मर्यादित" हे सांध्यांमुळे किंवा मेंदू-मज्जांच्या आजारामुळे असेल तर. धापेमुळे चालता येत नसेल तर ते एनवायएचएमध्ये मोजलं गेलंच आहे, दोनदा धरू नका. मायट्रल वॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला) बदलताना ट्रायकस्पिड (उजव्या बाजूचा तसाच वॉल्व्ह) हाही दुरुस्त करणार असाल तर त्या दोन शस्त्रक्रिया होतात.

पहिलं वर्ष

इथे वयापेक्षा अंगातली ताकद जास्त बोलते, आणि ती स्कोरमध्ये जवळजवळ नाहीच. हात छातीवर घडी घालून रुग्णाला खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगा, हातात घड्याळ ठेवा. 15 सेकंद किंवा जास्त लागले तर 1 गुण, उठताच आलं नाही तर 2. स्मरणशक्तीच्या 30 गुणांच्या चाचणीत 24 पेक्षा कमी असतील तर 1. हिमोग्लोबिन पुरुषात 13 किंवा स्त्रीत 12 च्या खाली असेल तर 1. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 3.5 च्या खाली असेल तर 1. बेरीज पाचपर्यंत जाते. जितकी जास्त, तितकं पहिलं वर्ष जड.

आपल्याकडे यात दोन ठिकाणी जपावं लागतं. शाळा न शिकलेल्या आजोबांचे गुण वाचन-लेखनात जातात, ते विसरभोळे ठरत नाहीत. आणि बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण बहुधा लोह असतं. ऑपरेशन थांबू शकत असेल तर आधी ते भरून काढा. या बेरजेतला हाच गुण सर्वात सहज सुधारतो.

त्यापुढचा काळ

संधिवाताच्या तापाने वॉल्व्ह खराब झालेले आपले बरेच रुग्ण तरुण असतात. युरोस्कोरमध्ये 60 आणि त्याखालचं सगळं वय एकच, म्हणजे तीस वर्षांची बाई आणि साठ वर्षांची बाई सारखीच. स्कोर छान येतो आणि सगळे निश्चिंत होतात. तरुण बाईचा खरा धोका घरी गेल्यावर सुरू होतो. मायट्रलला धातूचा वॉल्व्ह असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) 2.5 ते 3.5 मध्ये आयुष्यभर ठेवायचा. म्हणून ऑपरेशनआधीच विचारून लिहून ठेवा: आयएनआर कुठे तपासणार, तिथपर्यंत एसटीने किती वेळ, रक्त पातळ करायच्या गोळ्या कोण आणणार, मूल हवंय का, संधिवाताचा ताप परत येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी कोण देणार. उत्तरं कच्ची असतील तर वॉल्व्ह कोणता घालायचा याचा विचार पुन्हा करा. घरच्यांना हेही शिकवा: वॉल्व्हची रोजची टकटक मंद झाली किंवा ऐकू येईनाशी झाली आणि धाप वाढली, तर वॉल्व्हवर गुठळी झाली असं समजून त्याच दिवशी इकोची सोय असलेल्या रुग्णालयात यायचं.

आकडा आपल्या रुग्णालयाला लागू पडतो का

मागच्या काही वर्षांतल्या सगळ्या रुग्णांचे स्कोरने सांगितलेले धोके बेरजेत घ्या. 400 जणांची बेरीज 12 मृत्यू सांगत असेल आणि झाले 18, तर तुमचं प्रमाण 1.5 आहे, स्कोर तुमच्या रुग्णांना कमी धोका दाखवतोय. मृत्यू इतके थोडे असतात की एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका.

पाच वर्षांचा जगण्याचा आलेख काढताना संपर्क तुटलेल्यांना जिवंत धरू नका. शेवटच्या भेटीच्या तारखेपर्यंतच मोजा. त्यानेही पुरतं भागत नाही, कारण न येणाऱ्यांत गेलेले जास्त असू शकतात. भरतीच्या वेळीच दोन नातेवाइकांचे फोन आणि गावच्या आशाताईंचा नंबर घ्या, त्याशिवाय आलेख खोटा सुंदर दिसतो.

घरच्यांशी बोलताना धोका कशाच्या तुलनेत हे आधी सांगा. ऑपरेशन झेपणार नाही अशा एओर्टिक स्टेनोसिसच्या (एओर्टिक वॉल्व्ह अरुंद झालेल्या) रुग्णांवरचा पार्टनर नावाचा अभ्यास 2010 साली आला. त्यात मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीने वॉल्व्ह बसवलेल्यांपैकी 30.7 टक्के वर्षभरात गेले, नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी 50.7 टक्के. 30 हा आकडा एकटा ऐकला तर कुणीही घाबरून नको म्हणेल. शेजारी 50 ठेवला की घरच्यांना निर्णय घेता येतो.