गिटारचा आवाज बसलाय? आधी तारा बघा
गिटार दबकी वाजायला लागली की लगेच नवी घ्यायला धावू नका. तारांच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. खरखर लागली, बोट काळं झालं, तर तारा बदलायला झाल्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत, त्यात हाताला घाम असेल तर, त्या फार लवकर गंजतात. म्हणून वाजवून झालं की जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार पुसाच, खालूनही. नवी तार चढवल्यावर बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) हलकेच ओढा, परत सुरात लावा. असं दोन-तीनदा केलं की ती सारखी उतरत नाही. आणि बोट फ्रेटच्या पट्टीमागे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, अगदी तिला लागून दाबा. झणझण जाते, जोरही कमी लागतो.